पाचही स्पीकर वाजतात, पण सराउंड कुठे आहे? डिस्क प्लेअर होम थिएटरला जोडण्याची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत जोडणी बहुधा एकाच तऱ्हेची दिसते. सोप्यात टीव्ही, खाली डीव्हीडी प्लेअर, बाजूला ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक वूफर) आणि दोघांच्या मध्ये लाल-पांढरी दोन पिनांची केबल. डिस्क लावली की पाचही स्पीकर वाजतात, वूफर दणदणतो, म्हणून सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी वेगवेगळा येणारा आवाज, चालू आहे असं सगळे धरून चालतात. खरं तर त्या केबलमधून डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात आणि ॲम्प्लिफायर तेच पाच स्पीकरांना वाटून देतो. डिस्कवर मागच्या बाजूसाठी वेगळा भरलेला पाऊस, मधल्या स्पीकरसाठीचे संवाद, हे सगळं प्लेअरच्या आतच दोन चॅनेलांत कालवून टाकलेलं असतं.

सहाही आवाज वेगवेगळे पोचायचे तर केबल ते नेणारी हवी आणि प्लेअरच्या मेनूत त्या केबलला जुळणारं सेटिंग हवं. केबल लोक विकत आणतात; मेनू मात्र कुणी उघडतच नाही.

आधी डिस्क तपासा

नाटकांच्या, भजनांच्या, लावण्यांच्या जुन्या व्हीसीडी अजून पुष्कळ घरांत आहेत. व्हीसीडीवर आवाज दोनच चॅनेलचा असतो, त्यातून खरा सराउंड कुठल्याही केबलने निघणार नाही. एकाच डिस्कवर तीन-चार सिनेमे कोंबलेल्या डीव्हीडीचीही बहुधा तीच गत. चाचणीसाठी मागच्या बाजूला ‘डॉल्बी डिजिटल ५.१’ किंवा ‘डीटीएस’ (डिस्कवर सराउंडचा आवाज भरण्याच्या दोन पद्धती) छापलेली डिस्क घ्या आणि डिस्कच्या मेनूतून किंवा रिमोटवरच्या ऑडिओ बटणाने ५.१चा ट्रॅक निवडा. कित्येक डिस्कवर पहिला ट्रॅक स्टिरिओ असतो आणि प्लेअर मुकाट्याने तोच वाजवतो.

आखातातून कुणी आणलेली डिस्क चाललीच नाही तर जोडणीला दोष देऊ नका. कुठल्या भागातली डिस्क कुठल्या प्लेअरवर चालावी हे ‘रिजन’ ठरवतो. भारताचा डीव्हीडी रिजन ५ आणि ब्लू-रे रिजन सी. तिकडच्या डिस्क रिजन २ आणि बी च्या असतात.

मागची बाजू बघा आणि मार्ग ठरवा

टॉर्च घेऊन दोन्ही उपकरणांच्या मागे काय काय आहे ते कागदावर लिहून घ्या. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तोच मार्ग. नसेल तर दोन्हीकडे ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल (फक्त डिजिटल आवाजाची पोर्टं) आहे का बघा. तेही नसेल आणि दोन्हीकडे सहा-सहा गोल पिनांची रांग असेल, तर तीन जोड केबली. दोनच पिना असतील तर दोनच आवाज, त्यावर इलाज पुढे दिला आहे.

प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात असलेला सेट असेल तर या भानगडीतलं काहीच लागत नाही, फक्त स्पीकर लावायचे. मात्र अशा सेटचे स्पीकर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात आणि त्यांचे प्लग वेगळे असतात. त्यांच्या जागी भलतेच स्पीकर लावू नका.

कुठलीही केबल लावण्यापूर्वी टीव्ही, प्लेअर, ॲम्प्लिफायर, सेट-टॉप बॉक्स या सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांच्या धातूच्या भागावर आर्थिंगअभावी साधारण ११०-१२० व्होल्टची गळती येऊन राहते. करंट अगदी किरकोळ, पण ओल्या हाताला झिणझिण्या येतात, आणि चालू स्थितीत एचडीएमआय खुपसताना ठिणगी पडून तो पोर्ट कायमचा जाऊ शकतो. जुन्या घरांत तिसरी पिन बोर्डात असते, पण तिच्या मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून तेवढं एकदा पाहून घ्या.

एचडीएमआयचा मार्ग

प्लेअरच्या ‘एचडीएमआय आउट’मधून केबल रिसीव्हरच्या, म्हणजे एचडीएमआय असलेल्या होम थिएटर ॲम्प्लिफायरच्या, ‘इन’मध्ये जाते. रिसीव्हरच्या ‘आउट’मधून दुसरी केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलने मागे आणणाऱ्या) पोर्टमध्ये. रिसीव्हरवर तोच इनपुट निवडा. प्लेअरच्या ऑडिओ मेनूत एचडीएमआय आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ ठेवा, म्हणजे प्लेअर आवाज न उलगडता तसाच पुढे देतो. डिस्क सुरू झाल्यावर रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ उमटलं पाहिजे. ‘पीसीएम २.०’ (उलगडलेला दोन चॅनेलचा आवाज) किंवा ‘स्टिरिओ’ दिसलं तर सेटिंग किंवा ट्रॅक चुकलेला आहे.

ब्लू-रे प्लेअरमध्ये एक छुपी अडचण आहे. मेनूत ‘बीडी ऑडिओ मिक्स’ किंवा ‘सेकंडरी ऑडिओ’ नावाची ओळ असते आणि ती बहुधा चालू असते. ती चालू असली की मेनूतले टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाची टिप्पणी मूळ आवाजात मिसळता यावी म्हणून प्लेअर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीसारखे पूर्ण दर्जाचे ट्रॅक साध्या डॉल्बी-डीटीएसवर उतरवतो. सिनेमा बघताना ही ओळ बंद ठेवा. रिसीव्हर जुना असून त्याला हे नवे प्रकार उलगडता येत नसतील तर प्लेअरला ‘पीसीएम’वर ठेवा. मग उलगडण्याचं काम प्लेअर करतो आणि एचडीएमआयमधून सगळे चॅनेल पीसीएम रूपात पाठवतो. दर्जा कमी होत नाही. ही सोय ऑप्टिकलमध्ये नाही, तिथे पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल.

४के डिस्कचा प्लेअर आणि जुना रिसीव्हर ही जोडी बऱ्याचदा काळा पडदा दाखवते, कारण ४के डिस्कच्या चित्राला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) ओळखणारा रिसीव्हर लागतो. अशा प्लेअरना बहुधा दोन एचडीएमआय आउट असतात. चित्राची केबल थेट टीव्हीला द्या आणि फक्त आवाजाची रिसीव्हरला.

ऑप्टिकल आणि कोॲक्सिअल

ऑप्टिकल केबलच्या टोकावर पारदर्शक प्लास्टिकचं छोटं टोपण असतं, ते काढायला हमखास विसरतात. प्लेअर चालू असताना टोकाला लाल उजेड दिसला म्हणजे आउटपुट जिवंत आहे. केबल कपाटामागे काटकोनात दुमडू नका. आत काचेसारखा प्लास्टिकचा दोरा आहे, मोडला की आवाज अधूनमधून तुटतो. कोॲक्सिअल म्हणजे बहुधा नारिंगी कडेची एकच पिन. तिच्यासाठी ७५ ओहमची केबल लागते. घरातल्या एव्ही केबलमधली पिवळी वायर त्याच जातीची असल्यामुळे दीड-दोन मीटरपर्यंत ती सरळ वापरता येते.

दोन्हींची मर्यादा सारखी: साधा डॉल्बी आणि डीटीएस ५.१ जातो, ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी नाही. डीव्हीडीला एवढं पुरेसं आहे.

मेनूतली ओळ इथे फार महत्त्वाची. ऑप्टिकल-कोॲक्सिअलमधून जाणाऱ्या डिजिटल आवाजाला मेनूत ‘एसपीडीआयएफ’ म्हणतात. स्वस्त प्लेअरमध्ये तिचे तीन पर्याय असतात: ‘एसपीडीआयएफ ऑफ’, ‘एसपीडीआयएफ रॉ’, ‘एसपीडीआयएफ पीसीएम’. होम थिएटरमध्ये डॉल्बी-डीटीएस उलगडणारा डिकोडर असेल तर ‘रॉ’, नाहीतर ‘पीसीएम’. डिकोडर नसलेल्या उपकरणाला ‘रॉ’ दिला की एकतर चिडीचूप, नाहीतर कानठळ्या बसवणारी खर्रर्र. म्हणून पहिल्यांदा लावताना आवाज अगदी खाली ठेवा.

प्लेअर टीव्हीला एचडीएमआयने आणि टीव्ही होम थिएटरला ऑप्टिकलने, अशी साखळी पुष्कळ जण करतात. बऱ्याच टीव्हींचं ऑप्टिकल बाहेरून आलेला ५.१ आवाज स्टिरिओ करून पुढे देतं आणि डीटीएस तर अडवतंच. त्यामुळे चित्र टीव्हीला आणि ऑप्टिकल थेट प्लेअरमधून होम थिएटरला, असं द्या.

सहा पिनांची जोडणी

आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या ५.१ सेटना आणि दुरुस्तीच्या दुकानात बांधून घेतलेल्या ॲम्प्लिफायरना हाच मार्ग लागतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. लाल-पांढऱ्या दोन पिनांच्या तीन सारख्या केबली घ्या, लांबी दीड मीटर पुरे. तिन्हींच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर १, २, ३ लिहा आणि मगच लावा.

पहिल्या केबलची पांढरी पिन पुढच्या डाव्याला (एफएल), लाल पुढच्या उजव्याला (एफआर). दुसरीची पांढरी मागच्या डाव्याला (एसएल), लाल मागच्या उजव्याला (एसआर). तिसरीची पांढरी सेंटरला (सी) आणि लाल सबवूफरला (एसडब्ल्यू). पिनांचे रंग दोन्हीकडे सारखे असतीलच असं नाही, म्हणून रंगावर न जाता अक्षरं वाचा.

“आवाज येऊलाय, पण डायलॉगच कळेनात” ही तक्रार ऐकली की तिसऱ्या केबलकडे बघावं. सेंटर आणि सबवूफर उलटे लागले की माणसांचं बोलणं वूफरमधून जाड, घोगरं घुमतं आणि मधल्या स्पीकरमधून नुसती फटफट येते. अदलाबदल केली की दोष मिटतो.

आता मेनू. डिस्क बाहेर काढा किंवा स्टॉप दोनदा दाबा. डिस्क चालू असताना काही प्लेअर या ओळी राखाडी करून ठेवतात. सेटअपमध्ये ‘स्पीकर सेटअप’, तिथे ‘डाउनमिक्स’ (सहा चॅनेल दोनांत कालवण्याचं सेटिंग). ‘एलटी/आरटी’ किंवा ‘स्टिरिओ’ असेल तर तो ‘५.१’ करा, काही प्लेअरमध्ये ‘ऑफ’ म्हणजेच ५.१. त्याखाली स्पीकरचा आकार विचारतात. पुढचे, मधला, मागचे छोटे डबे असतील तर ‘स्मॉल’, सबवूफर ‘ऑन’. सबवूफर ‘ऑफ’ राहिला तर डिस्कवरचा खास खर्जाचा चॅनेलच गायब होतो. आकार ‘लार्ज’ ठेवला तर छोट्या स्पीकरांवर खर्ज लादला जाऊन ते फाटके वाजतात, कारण सहा पिनांतून आलेल्या आवाजाची छाटणी साधा ॲम्प्लिफायर करत नाही. ती प्लेअरनेच करायची असते.

ॲम्प्लिफायरवरचा इनपुट ‘ऑक्स’ नव्हे, ‘५.१’ किंवा ‘डीव्हीडी’ निवडा, आणि ‘प्रोलॉजिक’ बटण असेल तर बंद करा. प्रोलॉजिक बोर्ड दोन चॅनेलांतून मागचा आवाज बनवून काढतो. व्हीसीडीच्या गाण्यांना तो छान, खऱ्या ५.१वर लावला तर चाललेलं बिघडवतो.

डॉल्बीचा ट्रॅक ठीक वाजतो पण डीटीएसवर शांतता, असं झालं तर केबल शोधत बसू नका. काही स्वस्त प्लेअर डीटीएस स्वतः उलगडत नाहीत, फक्त ऑप्टिकल-कोॲक्सिअलमधून पुढे ढकलतात. डॉल्बीचा ट्रॅक निवडा.

हल्लीच्या प्लेअरना सहा पिना नसतातच. ॲम्प्लिफायर चांगला असेल तर तो टाकून देऊ नका. ‘५.१ डिजिटल ऑडिओ डिकोडर’ नावाची छोटी डबी मिळते: एका बाजूने ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल आत, दुसऱ्या बाजूने सहा पिना बाहेर. प्लेअर ‘रॉ’वर ठेवायचा. घेताना डबीवर डॉल्बी आणि डीटीएस दोन्ही लिहिलंय का बघा आणि बाहेर जायच्या पिना मोजा. दोनच पिना असलेली डबी फक्त स्टिरिओ देते, ती इथे निरुपयोगी.

स्पीकरची वायर

होम थिएटरसोबत आलेली केसासारखी वायर पुढच्या स्पीकरांना चालते. मागच्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून ४०/७६ घ्या. तिच्याहून बारीक मिळणारी १४/७६ म्हणजे ०.००७६ इंच जाडीच्या १४ तारा, एकूण सुमारे ०.४१ चौरस मिलिमीटर तांबं; ४०/७६मध्ये १.१७. दहा मीटरवरच्या स्पीकरपर्यंत जाऊन-येऊन १४/७६ला साधारण ०.८४ ओहम रोध होतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ताकदीचा सहावा हिस्सा वायरमध्येच जिरतो. ४०/७६ला तोच रोध ०.२९ येतो. तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ती नको.

टोकं एक सेंटिमीटर सोला, तारा पिळून घट्ट करा. क्लिपमधून एखादी मोकळी तार शेजारच्या क्लिपला टेकली तर ॲम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा त्याची आयसी जळते. वायरच्या एका पदरावर रेघ असते. ती सगळीकडे लालला लावायची असं एकदाच ठरवा. एखादा स्पीकर उलटा लागला तर आवाज येतोच, पण खर्ज पातळ होतो आणि पुढचा आवाज कुठून येतोय ते नेमकं कळत नाही. शंका असेल तर ॲम्प्लिफायरपासून सोडवलेल्या स्पीकरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस लालला लागल्यावर कोन बाहेर आला तर खुणा बरोबर.

लांबट सोप्यात स्पीकर कुठे ठेवायचे

गल्लीतल्या घरांचा सोपा अरुंद आणि लांब असतो. टीव्ही आखूड भिंतीला ठेवा. बैठक टीव्हीपासून अडीच मीटरवर असेल तर पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून तेवढेच लांब, म्हणजे बसणाऱ्याच्या नजरेपासून दोन्हीकडे जवळपास ३० अंशांवर येतात. सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे कललेला. मागचे दोन स्पीकर ११० अंशांच्या आसपास, म्हणजे बसणाऱ्याच्या बाजूला आणि किंचित मागे, कानापेक्षा फूट-दीड फूट वर. कोच मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर हे दोन्ही बाजूच्या भिंतींवर समोरासमोर लावा, डोक्यामागे नको. एका बाजूला माजघराचं दार येत असेल तर तो स्पीकर चौकटीवर चढवा आणि दुसराही त्याच उंचीवर न्या. एक वर, एक खाली ठेवू नका.

फरशी आणि गिलाव्याच्या भिंतींत आवाज फार घुमतो. टीव्ही आणि बैठकीच्या मध्ये जाजम किंवा सतरंजी टाकली, खिडकीला जाड पडदा लावला की संवाद लगेच स्वच्छ होतात. पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या केबलऐवजी इथे करा. खानापूर-जांबोटीकडे कौलांवर पावसाचा मारा सुरू झाला की सगळ्यात आधी बोलणं बुडतं. तेव्हा एकूण आवाज वाढवण्यापेक्षा फक्त सेंटर २-३ डेसिबलने वर करा.

सबवूफरची जागा शोधायची सोपी युक्ती: तो तात्पुरता आपल्या बैठकीवर ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने वाकून फिरा. जिथे खर्ज भरीव पण गुळगुळीत लागेल तिथे वूफर ठेवा. कोपऱ्यात तो बहुधा जास्तच घुमतो.

अंतर आणि पातळी

आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. चांगला रिसीव्हर मीटरमध्ये अंतर विचारतो, ते टेपने मोजून भरा. प्लेअरच्या मेनूत ‘डिले’ मिलिसेकंदात असेल तर हिशेब करा: मागचे स्पीकर पुढच्यांपेक्षा दीड मीटर जवळ असतील तर त्यांना सुमारे ४ मिलिसेकंद उशीर द्यायचा. मग ‘टेस्ट टोन’ लावा. प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने सूंऽऽ असा आवाज येतो. मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप बैठकीच्या जागी कानाच्या उंचीवर धरा आणि सगळे एकाच आकड्यावर आणा. रिसीव्हर असेल तर ७५ डेसिबल हा प्रचलित आकडा. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसला तरी स्पीकरांमधला फरक त्यावर कळतो. वूफरसाठी मात्र या ॲपवर विसंबू नका, तो कानानेच लावा. टोन भलत्याच स्पीकरमधून आला तर वायरींची अदलाबदल झालीय, ती आत्ताच सापडली म्हणायची.

रात्री हळू आवाजात संवाद ऐकू येत नसतील तर ‘डीआरसी’ किंवा ‘नाईट मोड’ (मोठे आणि लहान आवाज जवळ आणणारं सेटिंग) चालू करा. जुन्या व्हीसीडीत एका बाजूला नुसतं संगीत आणि दुसरीकडे गायन असेल तर ‘ड्युअल मोनो’मधून ‘मिक्स मोनो’ घ्या.

हमिंग आणि कमी व्होल्टेज

वूफरमधून सतत ‘हूँऽऽ’ येत असेल तर आधी केबल टीव्ही किंवा डिशची वायर टीव्हीपासून काढून बघा. हमिंग थांबलं तर दोन वेगळ्या आर्थिंगांचा झगडा आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिलं तर त्या वायरीवर ग्राउंड लूप आयसोलेटर (हा झगडा तोडणारी छोटी डबी) लावा. आर्थिंगची पिन तोडून हमिंग घालवणं हा उपाय नव्हे, त्यात जिवाला धोका आहे. सिग्नलच्या केबली वीजवाहक वायरींसोबत एकाच गठ्ठ्यात बांधू नका.

ऊसपट्ट्यात पंप सुरू झाले की व्होल्टेज १७०-१८०पर्यंत उतरतं. प्लेअरला फरक पडत नाही, त्याचा सप्लाय बहुधा १००-२४०चा असतो. ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प्लिफायर मात्र मोठ्या आवाजात फाटू लागतो, आणि लोक स्पीकर बदलतात. आधी मल्टिमीटरने सॉकेट तपासा. टीव्हीच्या छोट्या स्टॅबिलायझरवर ॲम्प्लिफायर लादू नका, त्याच्या वॅटप्रमाणे वेगळा घ्या. वीज कडकडू लागली की प्लगबरोबर डिश किंवा केबलची वायरही काढा. एचडीएमआय पोर्ट त्या वाटेनेही जातात.

गणपतीत घरचा ॲम्प्लिफायर मंडळाच्या देखाव्याला द्यायची आपल्याकडे रीतच आहे. द्या, पण एका आउटपुटला दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर जोडू देऊ नका. भार २ ओहमवर येतो आणि अनंत चतुर्दशीपर्यंत आउटपुटची आयसी टिकत नाही. काढण्यापूर्वी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला पट्टी लावा. परत आल्यावर जोडताना मेनूतला डाउनमिक्सही पुन्हा बघा. मंडपात कुणीतरी तो ‘स्टिरिओ’ केलेला असतोच.